रविवारच्या शाळेचं टाचण

आमच्या रविवारच्या मराठी शाळेतल्या मुलांनी एका वर्षात तीनदा 'अ'पासून सुरुवात केली, आणि त्यात मुलांची काहीच चूक नव्हती.

शाळा म्हणजे नेपरव्हिलमधल्या एका चर्चच्या तळघरातली मोठी खोली. सकाळी तिथे चर्चचे स्वतःचे वर्ग भरायचे. ते आटोपले की दुपारी दोन ते चार ती खोली आमची. सहा ते दहा वर्षांची चौदा मुलं आणि आम्ही तीन शिक्षक. मी नाशिकचा, शिकागोतल्या एका विमा कंपनीत डेटाबेस सांभाळायचो. दुसरी पुण्याची, सॉफ्टवेअर टेस्टर, माझ्या बायकोची मैत्रीण. तिसरा नागपूरचा, कन्सल्टंट असल्याने दर सोमवारी सकाळी विमानाने क्लाएंटच्या गावी जायचा आणि गुरुवारी परत यायचा. तिघांपैकी एकानेही आयुष्यात कधी शिकवलं नव्हतं. आपापल्या मुलांचं नाव घालायला गेलो, आणि शाळा चालवणाऱ्या मंडळींनी आमच्या हातात मार्कर दिले.

ज्याला जमेल त्याने त्या रविवारी शिकवायचं, असं ठरलं होतं. त्यामुळे आधीच्याने कुठपर्यंत आणलंय हे पुढच्याला कधीच माहीत नसायचं. मुलांना विचारलं, "मागच्या वेळी काय झालं?" तर चौदा तोंडांमधून एकच उत्तर यायचं, "नथिंग." मग आपलं परत 'अ अननसाचा.'

यावर मी माझ्या धंद्याला शोभेल असा उपाय काढला. दोन हजार सहा साल होतं. ज्यांच्यावर कुणीही पान लिहावं आणि दुसऱ्याने ते दुरुस्त करावं, अशा फुकट साइट तेव्हा निघाल्या होत्या. त्यांना विकी म्हणत. मी एका शनिवारी बसून आमच्या शाळेची विकी केली. प्रत्येक रविवारचं एक पान, पानावर दोन चौकटी. वरची 'आज काय शिकवायचं', खालची 'काय झालं'. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की बायकोला दोनदा बोलावून दाखवलं.

दोन महिन्यांनी त्या चौकटींमध्ये काय होतं तेही सांगतो. वरच्यांमध्ये 'मुळाक्षरं', 'मुळाक्षरं चालू', 'मुळाक्षरं पुन्हा'. खालच्यांमध्ये 'छान झालं', 'मस्त', 'ठीक', आणि नागपूरकराचा एक हसरा चेहरा.

सप्टेंबर संपता संपता काकू आल्या. वर्गातल्या एका मुलाची आजी. सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. पहिल्याच रविवारी नातवाला सोडायला आल्या त्या घरी गेल्याच नाहीत. मुलाचं जॅकेट बाह्या दुमडून साडीवर घातलेलं, तशाच मागच्या रांगेतल्या एका छोट्या खुर्चीवर बसल्या. हात मांडीवर, नजर फळ्यावर.

त्या दिवशी माझी पाळी होती. 'क कमळाचा' झाला. 'ख खटाऱ्याचा' म्हटल्यावर एका मुलाने विचारलं, "व्हॉट्स खटारा?"

"जुनी, मोडकी गाडी," मी म्हणालो.

"लाइक युवर कार?"

वर्ग हसला. मागे बसलेल्या काकूही हसल्या. चार वाजता मुलं पळाली, तशा त्या उठून माझ्यापाशी आल्या.

"गुरुजी, तुमचं टाचण बघू जरा."

मी मागे वळून पाहिलं. गुरुजी म्हणजे मी, हे लक्षात यायला वेळ लागला. शाळेत असताना टाचण हा शब्द कानावरून गेलेला होता. पाठ घेण्याआधी शिक्षक वहीत काय काय शिकवणार ते टिपून ठेवतात आणि मोठे साहेब आले की ती वही तपासतात, एवढंच मला माहीत होतं.

"काकू, मला अरे म्हणा. तुमच्या मुलाच्या वयाचा आहे मी."

"शिकवणाऱ्याला अरे-तुरे करायचं नसतं. मुलं ऐकत असतात. टाचण कुठाय?"

ते इंटरनेटवर आहे, असं मी जरा अभिमानानेच सांगितलं. तळघरात इंटरनेट नव्हतं, म्हणून संध्याकाळी चहाला त्यांच्या मुलाच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावला आणि आमचा दोन महिन्यांचा सगळा उद्योग मिनिटभरात वाचून संपवला.

"गुरुजी, 'छान झालं' हे लग्नाला जाऊन आल्यावर सांगायचं उत्तर आहे. टाचणात असं लिहीत नाहीत."

"मग काय लिहितात?"

"किती मुलांना आलं? कुणाला आलं नाही? का नाही आलं? त्या पोराचं पुढच्या वेळी काय करणार?" बोटांवर मोजत त्यांनी चार प्रश्न विचारले. चारही प्रश्नांची उत्तरं मला ठाऊक नव्हती. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी बशीतला लाडू माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "मला लिहायला शिकवा यात. पुढच्या रविवारचं मी लिहिते."

त्यांना टायपिंग शिकवणं हे माझं पहिलं खरं शिकवणं. रोमन अक्षरं दाबली की देवनागरी उमटायचं अशी सोय होती, पण ट, ण, ळ हवे असतील तर शिफ्ट धरून मोठं अक्षर दाबावं लागायचं. ते मी सांगायला विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी घरून निघण्याआधी पान उघडलं तर मथळा होता, 'ताचन'. खाली 'बालांना फल्यावर' असं बरंच काही. मी ऑफिसातून फोन केला. त्या रडकुंडीला आल्या होत्या.

"अहो, बत्तीस वर्षं मुलांचं शुद्धलेखन तपासलं मी. आता माझं अशुद्ध लिहिलेलं सारी अमेरिका वाचणार!"

"काकू, सारी अमेरिका नाही, आम्ही तिघंच वाचतो."

"तिघांपैकी एक पुण्याची आहे ना?"

शिफ्टचं गुपित सांगितल्यावर चार दिवसांत त्यांचा हात बसला. तिकडे ऑफिसातल्या माझ्या कॉम्प्युटरवर मराठीऐवजी नुसते चौकोन दिसायचे. सिस्टिमवाल्या पोराला सीडी घेऊन बोलवावं लागलं. त्याने अक्षरं उमटताना पाहिली आणि विचारलं, ही कपडे वाळत घातल्यासारखी का लटकली आहेत? मी म्हटलं, आमच्याकडे पद्धत आहे.

काकूंचं पहिलं टाचण मला अजून आठवतं. त्यात लिहिलं होतं, 'मुलांनी कमळ पाहिलेलं नाही. खटारा एकच पाहिला आहे. त्यांना रोज काय दिसतं ते घ्यावे. ख खारीचा.'

आमच्याकडे खारींना तोटा नव्हता. पोर्चवर, कचऱ्याच्या डब्यावर, पक्ष्यांच्या दाण्यांवर, जिकडे पाहावं तिकडे खारी. त्या रविवारी काकू स्वतः फळ्यापाशी उभ्या राहिल्या. सगळ्यांनी 'आजी' म्हणायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला. "आजी घरी. इथे बाई म्हणायचं." मग मुलांना बाहेर हिरवळीवर नेलं आणि सांगितलं, दिसेल ते आणा, नाहीतर त्याचं नाव विचारा. मुलं पानं, काड्या, दगड घेऊन आली. 'द दगडाचा', 'प पानाचा' असं करत नवी मुळाक्षरं तयार झाली. थ थंडीचा. ब बर्फाचा. घ घसरगुंडीचा. 'ग गराजचा' हवा असा मुलांचा हट्ट होता. पुणेकरणीला ते मुळीच पटेना. काकू म्हणाल्या, "गराज त्यांच्या घराला आहे, गवताची गंजी नाही. राहू द्या."

आणि खालच्या चौकटीत त्यांनी लिहिलं, 'चौदापैकी नऊ जणांना ख ओळखता आला. तिघे ख न वाचता र आणि व वेगळे वाचतात. दोघांचं लक्ष खारीकडेच होतं, त्यात चूक माझी, पाठ आधी घ्यायला हवा होता.'

चूक माझी, असं टाचणात लिहिता येतं हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. तरी ते स्वतः लिहायची वेळ माझ्यावर नोव्हेंबरात आली.

धडा होता 'माझं घर'. मी फळ्यावर आई, बाबा, आजी, आजोबा लिहून मुलांना एकेक वाक्य करायला सांगत होतो. माझी आठ वर्षांची मुलगी दुसऱ्या रांगेत होती. तिला म्हटलं, "बाबांबद्दल एक वाक्य सांग." ती इंग्लिशमध्ये म्हणाली, "बट बाबा, यू डोन्ट इव्हन टॉक टू मी इन मराठी."

ती उद्धटपणे बोलली नव्हती. तिला खरोखरच प्रश्न पडला होता. पण तेरा मुलं माझ्याकडे पाहत होती आणि मी तिच्यावर ओरडलो. "गप्प बस. विचारलं तेवढं सांग." तिचे डोळे भरून आले. उरलेला पाऊण तास मी मुलांना अक्षरं गिरवायला लावली.

संध्याकाळी पान उघडून खालच्या चौकटीत 'ठीक' असं लिहिलं. मग ते खोडलं. आणि झालं तसं लिहून काढलं. मुलगी काय म्हणाली, मी काय म्हणालो, ती रडली, तिचं म्हणणं बरोबर होतं. शेवटी लिहिलं, 'आज पाठ फसला.'

सोमवारी दुपारपर्यंत खाली तीन टिपणं आली होती. नागपूरकराने क्लाएंटच्या ऑफिसातून लिहिलं होतं, 'भाऊ, माझा तर दर वेळी फसतो. फसला की मी गाणी म्हणायला लावतो.' पुणेकरणीने लिहिलं होतं, 'गेल्या महिन्यात माझी तयारी नव्हती म्हणून मी वीस मिनिटं हजेरी घेतली होती. कुणाला सांगितलं नव्हतं.' आणि काकूंनी, 'पाठ फसला असं स्वतः लिहिणारे गुरुजी मला नोकरीत दोनच भेटले. आता पुढचं लिहा. मुलीशी घरी मराठीत कधी बोलणार? वेळ लिहा, नुसतं बोलणार असं नको.'

मी वेळ लिहिली. मंगळवार आणि शुक्रवार, पोहण्याच्या क्लासहून घरी येताना, गाडीत. मुलीची माफी मागितली आणि तिला हे सांगितलं. तिने थोडा विचार करून अट घातली की प्रश्न ती विचारणार आणि उत्तरं मी द्यायची. पहिल्याच दिवशी तिने समोर बोट दाखवलं.

"बाबा, ट्रॅफिक लाइटला मराठीत काय म्हणतात?"

"सिग्नल."

"दॅट्स इंग्लिश!"

"अगं, खरंच सिग्नल म्हणतात."

"चीटिंग!" असं म्हणून ती इतकी हसली की तिचं ओलं डोकं माझ्या खांद्यावर आपटलं. घरी येईपर्यंत आम्ही स्टिअरिंग, ब्रेक, पेट्रोल असे सगळे मराठी शब्द म्हणून घेतले. तिच्या मते मराठी फारच सोपी भाषा होती.

डिसेंबरात मात्र पानावर युद्ध पेटलं. धडा होता 'स्वयंपाकघर', आणि पुणेकरणीने मन लावून शब्दांची यादी लिहिली होती. कोथिंबीर, बटाटा, पेरू, अशी पंधरा-वीस नावं. नागपूरकराने हॉटेलच्या खोलीतून ती वाचली आणि कोथिंबिरीचं सांबार केलं, बटाट्याचा आलू केला, पेरूचा जाम केला. तिने ते परत बदललं. त्याने पुन्हा बदललं. कुणी कधी काय बदललं याची नोंद विकी आपोआप ठेवायची. त्या नोंदीप्रमाणे एका संध्याकाळी कोथिंबीर अकरा वेळा उगवली आणि अकरा वेळा उपटली गेली.

दोघांचेही फोन मला आले. ती म्हणाली, "सांबार म्हणजे इडलीबरोबर खातात ते. मुलांना काय शिकवतोय हा?" तो म्हणाला, "यार, पान लॉक कर. आमच्याकडे दोन कोटी लोक सांबार म्हणतात, ते काय मराठी नाहीत का?" त्याने दोन कोटी कुठून आणले ते मी विचारलं नाही.

सकाळी काकूंचं टिपण आलं होतं. 'दोघांनीही कष्ट घेतले आहेत. यात मुलं कुठे आहेत?' आणि खाली नवा पाठ. प्रत्येक मुलाने आठवडाभरात भारतातल्या आजी-आजोबांना स्वतः फोन लावायचा, आईबाबांनी लावून द्यायचा नाही. पाच वस्तू त्यांना विचारायच्या. तुमच्याकडे याला काय म्हणतात? उत्तर जसं ऐकू येईल तसं लिहून आणायचं.

त्या आठवड्यात भारतात फोन लावायच्या प्रीपेड कार्डांवरचे नंबर खरवडायला मुलंच पुढे होती. माझ्या मुलीने नाशिकला फोन लावला. एरवी मी वीस मिनिटं बोललो की शेवटी ती दोन शब्द बोलायची. या वेळी मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो होतो. पाऊण तास झाला तरी तिचं संपेना. दुसऱ्या दिवशी मी फोन केला, तर वडील म्हणाले, "काल तिने मला फोन केला." मी म्हटलं, "हो, शाळेचं काम होतं." ते म्हणाले, "ते असू दे. तिने मला केला." मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात काय विचारणार आहे? मी तयारी करून ठेवतो."

रविवारी मी आणि पुणेकरीण इंडियन स्टोअरमधून खरी भाजी घेऊन गेलो. टेबलावर एकेक वस्तू ठेवायची आणि मुलांनी आपापला शब्द सांगायचा. कुणाच्या पणजीने बटाट्याला आलू म्हटलं होतं, कुणाच्या आजोबांनी पेरूला बिही. फळा भरत गेला. मग काकूंनी कोथिंबिरीची जुडी उचलली आणि पुणेकरणीच्या मुलीकडे पाहिलं. ही मुलगी वर्गात कधीच बोलायची नाही. बोलवलं की टेबलाखाली बघायची. ती उभी राहिली, आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या थाटात मान हलवत मोठ्याने म्हणाली, "अवं, याले तं सांबार म्हनते!"

तिचा बाप यवतमाळचा आहे हे आम्ही सगळे विसरलो होतो. तिने आजोबांना फोन केला होता आणि ते बोलले अगदी तसंच ती बोलून दाखवत होती. नागपूरकराने दोन्ही हात वर केले आणि टाळ्या वाजवल्या. पुणेकरीण आधी कपाळाला हात लावून बसली, मग सगळ्यांत जास्त तीच हसली. मुलीला पाच वेळा तेच वाक्य म्हणायला लागलं, आणि दर वेळी ती आधीपेक्षा मोठ्याने म्हणाली. त्या दिवसाची खालची चौकट तिच्या आईने भरली. 'कोथिंबीर आणि सांबार दोन्ही शिकवले. माझी मुलगी वर्गात बोलली.'

जानेवारीत एका सोमवारी मी पान उघडलं तर आमचा आख्खा धडा गायब. त्याच्या जागी ओळीने मनगटी घड्याळांच्या जाहिराती. स्वस्त घड्याळं, स्विस घड्याळं, बायकांची, पुरुषांची. मी पान सगळ्या जगाला उघडं ठेवलं होतं, आणि जगातून कुणीतरी येऊन दुकान मांडून गेलं होतं. मी जुनं पान परत आणायच्या खटपटीत असताना काकूंचा फोन आला.

"गुरुजी, पुढच्या रविवारी घड्याळाचा पाठ आहे का?"

"नाही काकू, ते..."

"मला वाटलं नागपूरच्या गुरुजींनी लिहिलं. इंग्रजीत का लिहिलंय म्हणून विचारलं. पण विषय चांगला आहे हो. मी कागदाच्या थाळ्यांची घड्याळं करून ठेवली आहेत, चौदा."

त्या चौदा थाळ्या वाया घालवणं शक्यच नव्हतं. रविवारी आम्ही 'किती वाजले' शिकवलं. सव्वा, साडे आणि पावणे यांनी मुलांना वेड लावलं. साडेतीन, साडेचार ठीक, मग साडेएक का नाही? मी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "दीड." मुलांनी विचारलं, "बट व्हाय?" काकूंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मलाही माहीत नाही." मुलांना हे उत्तर भलतंच आवडलं. बाईंनाही माहीत नसतं, ही बातमी प्रत्येकाने घरी जाऊन सांगितली. मी त्या दिवसापासून विकीला पासवर्ड लावला.

मार्चअखेर काकूंचे सहा महिने संपले. शेवटच्या रविवारी आम्ही केक आणला, मुलांनी कागदावर नावं लिहून दिली, देवनागरीत, चौदाच्या चौदा. त्यांनी एकेक कागद वाचला. दोन कागदांवरच्या वेलांट्या पेनने दुरुस्त केल्या आणि मग पर्समध्ये ठेवले. मला म्हणाल्या, "पासवर्ड लिहून द्या मला. मोठ्या अक्षरात."

त्या खरंच तिकडून लिहू लागल्या. त्यांच्या तालुक्याच्या गावी एक सायबर कॅफे होता. तिथे त्या आठवड्यातून दोनदा एसटीने जायच्या, आमचे पाठ वाचायच्या आणि खाली शेरे लिहायच्या. कधी शेरा मध्येच तुटायचा. 'मुलांना आधी', बस्स, पुढे काही नाही. आम्ही तिघं दोन दिवस तर्क करत बसायचो, आधी काय? मग पुढचं यायचं, 'वीज गेली होती. तर मुलांना आधी ऐकू द्या, मग वाचायला लावा.'

जूनमध्ये त्यांनी फोन करून विचारलं की नवीन पान कसं उघडायचं. त्यांच्या जुन्या शाळेतले चौथीचे गुरुजी त्यांच्याबरोबर सायबर कॅफेत आले होते. आमचं टाचण पाहून त्यांनाही हौस आली होती. मी फोनवरून सांगत गेलो आणि त्या त्यांना सांगत गेल्या. थोड्या वेळाने आमच्याच विकीवर, आमच्या पानांच्या खाली, सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या चौथीचं पान उगवलं. गुरुजी व्यवस्थित होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी गुणाकाराचा पाठ लिहिला, किती मुलांना आला आणि कुणाला नाही ते सगळं लिहिलं.

आता वर्षभराचा शिक्षक असल्यामुळे मला राहवलं नाही. मी खाली सूचना केली की मुलांचे चार-चारचे गट करा, प्रत्येक गटापाशी दहा मिनिटं बसा. आमच्याकडे याचा फार उपयोग झाला आहे.

दोन दिवसांनी उत्तर आलं. 'सर, सूचना उत्तम आहे. माझ्या वर्गात बेचाळीस मुलं आहेत आणि शेजारच्या तिसरीवरही मीच असतो. दहा मिनिटांचा हिशोब कसा बसवू ते इथे येऊन दाखवावे. चहा आमच्याकडे.'

नागपूरकराने त्याखाली त्याचा तो हसरा चेहरा ठेवला. पुढे उन्हाळाभर मी चौथीचं पान फक्त वाचलं, शिकलो, आणि तोंड बंद ठेवलं. डिसेंबरात आम्ही सुट्टीला नाशिकला गेलो, तेव्हा मी भाड्याची गाडी करून मुलीला घेऊन खरोखरच त्या गावी गेलो.

काकू शाळेच्या फाटकाशीच उभ्या होत्या. गुरुजी माझ्याहून तरुण निघाले, बोलताना लाजणारे. आम्ही मुलांच्या मागे सतरंजीवर बसलो. त्यांनी बेचाळीस मुलांना गुणाकार शिकवला, मधूनच शेजारच्या वर्गात डोकावून तिसरीला गप्प केलं, आणि पाठ संपता संपता कोपऱ्यातल्या दोन मुलींपाशी जाऊन नेमके त्यांचे चुकलेले हातचे दुरुस्त करून आले. दहा मिनिटांचा हिशोब कसा बसवतात ते मला दिसलं. दाखवायला काही शिल्लक राहिलं नव्हतं, म्हणून मी चहा प्यालो.

मग गुरुजी माझ्या मुलीला म्हणाले, "तुमच्याकडच्या शाळेबद्दल सांग की यांना." ती उठून पुढे गेली. तिचा माझ्याकडे पाहायचा काही विचार दिसला नाही. पहिल्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, "तुमच्या शाळेला सुट्टी कशाची असते?"

"बर्फाची," ती म्हणाली.

बेचाळीस मुलं एकदम हसली. बर्फाची कुठे सुट्टी असते का! कुणीतरी ओरडलं, "खोटं बोलतीय!"

"नाही, खरंच," ती म्हणाली. "इतका पडतो." आणि तिने हात कमरेपाशी धरला. मुलं मानायला तयार नव्हती, म्हणून तिने तो खांद्यापर्यंत नेला. मग कशी गाडी सापडत नाही, कसं फावड्याने उकरावं लागतं, बाबा कसे दर वर्षी एकदा तरी घसरून पडतात, हे सगळं तिने करून दाखवलं. चुकत, अडखळत, मध्ये शब्द सापडला नाही की काकूंकडे बघत. मी पडतो ती नक्कल मुलांनी तिला तीनदा करायला लावली.

मधली सुट्टी झाली. मुली तिला हात धरून पटांगणात घेऊन गेल्या. मी, काकू आणि गुरुजी व्हरांड्यात उभे होतो. ती लंगडी घालत धुळीतून कुणाच्या तरी मागे लागली होती, एक बूट केव्हाच कुठेतरी सुटून पडला होता. मी तिला हाक मारली, निघायचं म्हणून. तिने ऐकलं, पण थांबली नाही.

"पाच मिनिटं, बाबा!" ती ओरडली. "मी आऊट नाही झाले अजून!"